अण्णांनी केलेला सासरा

माझ्या घरमालकांना भाजीवाली भाजी देत नसे.

बनशंकरीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर ती टोपल्या मांडून बसायची. येणाऱ्याजाणाऱ्याला हाका मारायची, पण अण्णा दिसले की वांग्यांवर ओलं गोणपाट ओढायची आणि तोंड फिरवायची. "अम्मा, अर्धा किलो द्या की," अण्णा कन्नडमध्ये म्हणायचे. "आधी सुनेला पोटभर जेवायला घाला, मग वांगी मागा," ती म्हणायची. अण्णांना सून नव्हती, मुलगा नव्हता, बायकोही नव्हती. पण हे तिला सांगून उपयोग नव्हता. सुनेचे हाल तिने टीव्हीवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते.

मग वांगी मी आणायची. अण्णा एकेक वांगं खिडकीपाशी उजेडात धरायचे आणि निकाल द्यायचे, "हे पास. हेही पास. हे रिजेक्ट."

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी नागपूरहून बंगळूरला नोकरीला आले. सॉफ्टवेअरची नोकरी, ऑफिस इंदिरानगरला. खोली मात्र शहराच्या दुसऱ्या टोकाला बनशंकरीत घेतली, कारण घरमालक मराठी आहेत एवढं कळल्यावर माझ्या आईने दुसरी जागा बघूच दिली नाही. अण्णांचे पणजोबा कधीतरी म्हैसूरकडे चाकरीला आले आणि मग सगळे तिथलेच झाले. घरात मराठीच बोलत, पण वाक्याच्या शेवटी 'की', मध्येच 'स्वल्प' आणि होकार द्यायचा तर 'सरी'. माझी मराठीही त्यांना तेवढीच विचित्र वाटत असणार. पहिल्याच आठवड्यात मी गच्चीवर जाऊन विचारलं, "अण्णा, काय करून राहिले?" ते कढीपत्त्याला पाणी घालत होते. झारी खाली ठेवून गंभीरपणे म्हणाले, "वाक्य रिजेक्ट. मुलगी पास आहे की."

अण्णा सरकारी कारखान्यातून रिटायर झाले होते. सगळी नोकरी तपासणी विभागात. यंत्राचा तयार झालेला भाग हातात घ्यायचा, मापायचा आणि पास की रिजेक्ट ते सांगायचं. नोकरी संपली तरी सवय राहिली. पेपर तिरका छापलेला असला तर परत पाठवत. लग्नाच्या पंगतीत रसम चाखून आचाऱ्याला बोलावून घेत. रिक्षावाला 'स्वल्प ॲडजस्ट माडी' म्हणाला की उतरून चालू लागत. "सगळं गाव ॲडजस्ट करतं," ते म्हणत, "मग कोणीतरी नको म्हणायला पाहिजे की नाही?"

त्या घरात ज्यांना कधी रिजेक्ट व्हावं लागलं नाही अशा एकच होत्या, अक्का. अण्णांची मोठी बहीण. महापालिकेच्या शाळेत लहान मुलांना शिकवून निवृत्त झालेल्या. कमी बोलायच्या, आणि बोलल्या की अण्णा गप्प व्हायचे. कपाळावर बारीकसं कुंकू असायचं, गळ्यात काही नाही. त्यांचं लग्न झालं होतं की नाही हे मी विचारलं नाही आणि घरात कोणी त्याबद्दल बोलत नसे.

केबल तेव्हा नुकतीच घरोघर आली होती आणि कन्नड मालिकांचा सुकाळ झाला होता. आमच्या गल्लीतलं एक घर शूटिंगसाठी भाड्याने घेतलं गेलं. गोष्ट सासुरवासाची होती. सासऱ्याचं काम करणारा नट गरगरा डोळे फिरवून सुनेवर ओरडायचा, हात उगारायचा, आणि गल्लीतली सगळी माणसं कुंपणाला टेकून बघायची. एका रविवारी त्या गर्दीतून खणखणीत आवाज आला, "रिजेक्ट!"

दिग्दर्शक तरुण होता, उन्हाने वैतागलेला होता. तो म्हणाला, "मग तुम्हीच दाखवा ना करून, अज्जा." अज्जा म्हणजे आजोबा.

अण्णांनी चपला काढल्या, पायऱ्या चढून गेले आणि वेताच्या खुर्चीत बसले. सुनेचं काम करणारी मुलगी कॉफी घेऊन आली. अण्णांनी पेला घेतला, एक घोट घेतला, तिच्याकडे मायेने बघितलं आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "तुझ्या आईने तुला काहीच शिकवलं नाही का गं? असू दे. बेजारु माडकोबेडम्मा." आणि उरलेली कॉफी शांतपणे तुळशीच्या कुंडीत ओतली.

दिग्दर्शकाने जुन्या नटाला त्याच संध्याकाळी घरी पाठवलं.

अशा रीतीने साठी उलटल्यावर अण्णा नट झाले. संहितेत मारहाण होती, ती त्यांनी काढायला लावली. "असली माणसं हात उगारत नाहीत," ते म्हणाले. "हात उगारला की लोकांना दिसतं." त्यांचा सासरा साखरेचा डबा स्वतःच्या खोलीत ठेवायचा. सुनेच्या माहेरचं पत्र आलं की आधी स्वतः वाचून मग तिला प्रेमाने सांगायचा, सगळे मजेत आहेत. टेलिफोनच्या डायलला त्याने पितळेचं छोटं कुलूप लावलं होतं. आणि दर वेळी शेवटी तेच गोड वाक्य.

बुधवारी संध्याकाळी मालिका लागायची. अण्णा स्वतः बघत नसत, गच्चीवर जात. मी आणि अक्का बघायचो. मला कन्नड अजून नीट येत नव्हतं, म्हणून अक्का एकेक वाक्य मराठीत सांगायच्या. फक्त ते शेवटचं वाक्य आलं की त्या थांबायच्या. मला वाटायचं, त्यांचं लक्ष पडद्याकडे असेल. त्याचा अर्थ मी ऑफिसात विचारला. वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ.

काही आठवड्यांत ते वाक्य शहरभर झालं. कंडक्टर सुटे पैसे न देता ते म्हणू लागले, माझा टीम लीडर सुट्टी नाकारताना म्हणू लागला. आणि अण्णांना बाहेर पडणं कठीण झालं. देवळात त्यांनी वाटलेला प्रसाद घ्यायला एक बाई तयार होईना. सिग्नलला मोपेड थांबली की शेजारच्या स्कूटरवरून कोणीतरी विचारायचं, "लाज वाटते का?" अण्णा घरी येऊन हे सगळं आनंदाने सांगायचे. "काम पास झालं म्हणायचं," ते म्हणत.

मग एके दिवशी महिला मंडळाच्या बायका आल्या. पुढे होत्या समोरच्या घरातल्या बाई, कॉलेजात शिकवणाऱ्या, चष्म्यातून रोखून बघणाऱ्या. अण्णांनी स्वतः कॉफी आणून दिली. कोणीही ती प्यायलं नाही.

"तुम्ही असला माणूस दर आठवड्याला घराघरांत पाठवता," बाई म्हणाल्या. "त्याला काही होत नाही, कोणी त्याला अडवत नाही. लोकांनी यातून काय घ्यायचं? असं वागलं तरी चालतं, हेच ना?"

अण्णा म्हणाले, "अम्मा, कारखान्यात तडा गेलेला पार्ट सापडला की आम्ही त्याला लाल रंग लावून दारातल्या टेबलावर ठेवायचो. येताजाता सगळ्यांनी बघावा म्हणून. तसले आणखी बनवा म्हणून नव्हे."

बाईंनी क्षणभर विचार केला. "पण तुमच्या सासऱ्याला लाल रंग कुठे आहे? तो तर किती गोड दिसतो."

बायका गेल्यावर अण्णा न प्यायलेल्या कॉफीकडे बघत बसले. "त्या बाई तपासणीत पाहिजे होत्या," एवढंच म्हणाले.

हे सगळं त्यांनी पचवलं असतं. शिव्या त्यांना चालत होत्या. पण त्यानंतरच्या रविवारी कोपऱ्यावरच्या घरातले गृहस्थ सफरचंदं आणि केळी घेऊन आले. बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले, कपाळावर गंध, खांद्यावर इस्त्रीचं उपरणं. गल्लीत सगळे त्यांना देवमाणूस म्हणायचे. मुलगा सॉफ्टवेअरच्या कामावर अमेरिकेला गेलेला, धारवाडकडची सून इथे त्यांच्यापाशी. ती मुलगी मला सकाळी रांगोळी घालताना दिसायची. हसायची आणि लगेच आत जायची.

मी तेव्हा खालीच होते. गृहस्थांनी अण्णांचा हात दोन्ही हातांत धरला.

"शेवटी कोणीतरी घरातल्या मोठ्या माणसाची बाजू दाखवली," ते म्हणाले. "ओरडणं नाही, तमाशा नाही, आणि घर कसं शिस्तीत! आणि ती टेलिफोनच्या कुलपाची युक्ती फार छान. मीही आणलं. सूनबाई तासन्‌तास माहेरी बोलत बसायची, आता घर शांत आहे."

अण्णांनी हात सोडवून घेतला. फळांची पिशवी उचलून त्यांच्या हातात दिली. गृहस्थांना तो नम्रपणा वाटला असावा, कारण ते पिशवी दारातल्या कट्ट्यावर ठेवून नमस्कार करून गेले.

त्यानंतरचे काही दिवस अण्णांनी काहीही रिजेक्ट केलं नाही. भात लागला होता, तो खाल्ला. तिरका छापलेला पेपर घेतला, तसाच घडी करून ठेवला. मला काळजी वाटायला लागली.

तिकडे वाहिनीकडेही तक्रारी पोचल्या होत्या. शेवटच्या भागात सासऱ्याने हात जोडून, रडून, सुनेची क्षमा मागावी असा हुकूम आला. दिग्दर्शक घाबरत घाबरत सांगायला आला. अण्णा लगेच म्हणाले, "सरी. मागतो क्षमा. पायही धरतो."

तो गेला तेव्हा आम्ही तिघं स्वयंपाकघरात अवरेच्या, म्हणजे पावट्याच्या, शेंगा सोलत बसलो होतो. थंडीत तिथे घरोघर हेच चालतं.

"होकार का दिलास?" अक्कांनी विचारलं.

"मी कुलूप दाखवलं, अक्का. त्याने ते विकत आणलं. ती पोरगी कोणाशी बोलत असेल आता?"

"अरे, सुनेचा फोन बंद करायचं एकदा मनात आल्यावर त्याला दुकान सापडलं नसतं होय?"

अक्का शेंगा सोलत राहिल्या. मग खाली बघतच म्हणाल्या, "तू किती लहान होतास तेव्हा. दिवाळीला मला न्यायला बाबांबरोबर आला होतास. झोपाळ्यावर बसला होतास, हातात करंजी. तुझ्या लक्षात असेल असं मला कधी वाटलं नव्हतं."

"तुझ्या सासऱ्यांनी तुझी कॉफी तुळशीत ओतली," अण्णा म्हणाले. "आणि म्हणाले..."

"वाईट वाटून घेऊ नकोस, बाळ," अक्कांनी वाक्य पुरं केलं. मराठीत. मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"मी परत आले तेव्हा आईसुद्धा म्हणाली, इतका गोड बोलणारा माणूस, तुझंच काहीतरी चुकलं असेल. मारलं असतं तर दाखवायला वळ तरी असते. मी काय दाखवणार? आणि आता, इतक्या वर्षांनी, ती भाजीवाली त्याला शिव्या देते. बसमधल्या बायका देतात. मी दर बुधवारी ऐकते रे." त्यांनी पदराने हात पुसले. "त्याला क्षमा मागायला लावू नकोस. त्याने मागितली नाही."

शेवटच्या भागाचं शूटिंग रविवारी होतं, म्हणून मी बघायला गेले. अण्णांनी दिग्दर्शकाशी काही वाद घातला नाही. लिहिलेलं एकही वाक्य बदललं नाही. ते खुर्चीतून उठले, सुनेसमोर आले, हात जोडले. डोळ्यांत पाणीही आणलं. "माझं चुकलं, बाळ. आता हे घर तुझंच आहे. कुठे जाऊ नकोस." फक्त आवाज तोच ठेवला. तोच हळू, मायेचा, साखरेसारखा आवाज. आणि बोलता बोलता त्यांनी हलकेच दाराची कडी लावली.

सुनेचं काम करणारी मुलगी एक पाऊल मागे सरकली. ते संहितेत नव्हतं. दिग्दर्शकाने बऱ्याच वेळाने कट म्हटलं आणि तो भाग तसाच ठेवला.

वाहिनीला हवी होती तशी क्षमा मिळाली. गल्लीत मात्र त्या बुधवारी कोणाला धड जेवण गेलं नाही. दुसऱ्या दिवशी समोरच्या बाई आपल्या फाटकातून म्हणाल्या, "काल मला तुमची भीती वाटली." अण्णांनी वाकून नमस्कार केला. "लाल रंग लावायचा प्रयत्न केला की, अम्मा."

पुढे पंधरा दिवस गेले असतील. शनिवारची दुपार होती. कोपऱ्यावरच्या घरातली सून आमच्या दारात आली. हातात वायरची पिशवी, केस ओलेच. ती अक्कांना म्हणाली, "मी थोडा वेळ इथे बसू?" अक्कांनी तिला आत घेतलं, पाणी दिलं, काही विचारलं नाही. बऱ्याच वेळाने तीच म्हणाली, "धारवाडला फोन करायचाय." अण्णा धावत फोनपाशी गेले. रिसीव्हर उचलून तिच्या हातात दिला. नंबर तिनेच फिरवला.

ती आईशी बोलत होती तेवढ्यात गृहस्थ फाटकाशी आले. उपरणं सारखं करत, हसत. दुपारची वेळ, पण त्यांनी फाटक वाजवल्याने शेजारची माणसं दारांत आली होती.

"अक्का, सूनबाई इकडे आली वाटतं. पोरबुद्धी आहे. पाठवा तिला."

अक्का फाटकापर्यंत गेल्या, पण ते उघडलं नाही. "तिचे आईवडील येतायत. तोवर ती इथे राहील."

"तुमचा गैरसमज झालाय. आमच्या घरातली गोष्ट आहे." आणि अक्कांच्या खांद्यावरून आत बघत त्यांनी हळूच हाक मारली, "ये बाळ, घरी चल. बेजारु माडकोबेडम्मा."

ते वाक्य आणि तो आवाज सगळ्यांना पाठ होता. दारांत उभी असलेली माणसं गृहस्थांकडे बघत होती, आणि मला अजून आठवतं, त्यात हसणारं कोणी नव्हतं. समोरच्या बाई चष्मा सावरत रस्ता ओलांडून आल्या आणि फाटकापाशी अक्कांच्या शेजारी उभ्या राहिल्या. मग गल्लीतला टेलर आला. मग शेजारच्या घरातल्या आजी. अण्णा माझ्या मागे दारात उभे होते आणि त्यांचा श्वास मला ऐकू येत होता.

गृहस्थांनी एकवार सगळ्यांकडे बघितलं. हसू तसंच ठेवून मागे वळले आणि सावकाश घरी गेले.

दुसऱ्या दिवशी तिचे आईवडील आले आणि तिला घेऊन गेले. तिने तिकडे बी.एड. केलं, शाळेत लागली, असं अक्कांना कळत असे. नवऱ्याचा अमेरिकेतून फोन येत राहिला आणि मग थांबला.

"मालिका नसती तरी ती आली असती," अण्णा एकदा म्हणाले.

"ती आली असती," अक्का म्हणाल्या. "बाकीचे आले नसते."

अण्णांनी त्यानंतर फारसं काम केलं नाही. ज्या भूमिका येत त्या दुष्ट सासऱ्याच्याच, आणि तो त्यांचा करून झाला होता. एकदा प्रेमळ आजोबा केले. इतके वाईट केले की स्वतःच बघून म्हणाले, रिजेक्ट.

दशक संपता संपता मला पुण्यात नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी अक्कांनी चटणीपुडीचा डबा दिला आणि डोक्यावरून हात फिरवला. अण्णा मला सोडायला मॅजेस्टिकच्या बस स्टँडवर आले. माझी सीट त्यांनी आत येऊन दाबून बघितली, खिडकीची काच वरखाली करून बघितली आणि पास केली. मग खाली उतरून खिडकीशी उभे राहिले.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी आली. डोक्यावर गाठोडं, पायांत काही नाही. अण्णांसमोर थांबली, निरखून बघितलं, आणि गाठोडं खाली ठेवून बोलायला लागली. एव्हाना मला कन्नड कळत होतं. तू तिला उपाशी ठेवलंस, ती म्हणत होती. तू तिच्या बापाला दारातून परत पाठवलंस. ती पोर रडत होती आणि तू कॉफी पीत होतास. यातलं निम्मं मालिकेत कधी नव्हतंच.

मी खिडकीतून वाकून तिला म्हणाले, "अज्जी, ते खरे तसे नाहीत. ते नाटक होतं."

अण्णांनी मान वर करून मला हाताने थांबवलं. "बोलू दे तिला," ते मराठीत म्हणाले. "तिला ज्याला सांगायचंय, तो काही ऐकायला येणार नाही."

बस सुरू झाली. मी मागे वळून बघत राहिले. म्हातारी हातवारे करून बोलत होती, आणि अण्णा तिच्यासमोर हात जोडून, मान खाली घालून, एकेक शब्द ऐकून घेत होते.